नोकरी जाते, तेव्हा आजार घरात येतो

घोडबंदर रोडला कापूरबावडीहून कासारवडवलीकडे निघाले की दोन्ही बाजूंना टॉवर, मॉल आणि काचेची ऑफिसे लागतात. त्यांच्या आडोशाला मानपाडा, ढोकाळी, मनोरमानगर, कोलशेत, पातलीपाडा, वाघबीळ इथल्या वस्त्या आहेत. सकाळी सहा-सातपासून या वस्त्यांतली माणसे त्याच टॉवरकडे कामाला निघतात. कोणी ऑफिसात हाऊसकीपिंगला, कोणी गेटवर सिक्युरिटीला, कोणी कॅन्टीनला, कोणी डिलिव्हरीला. बायका सोसायट्यांमध्ये धुणीभांडी करतात, पोळ्या लाटतात, मुले सांभाळतात. आपल्यातली शिकलेली मुले-मुली आता याच ऑफिसांत कॉम्प्युटरसमोरही बसू लागली आहेत, याचा आपल्याला अभिमान आहे.

या सगळ्यांच्या मनात एक प्रश्न मात्र सारखाच असतो. उद्या काम राहील का?

आरोग्याच्या पानावर नोकरीचा विषय कशाला, असे कोणी विचारील. बीपी वाढले, शुगर वाढली, झोप येत नाही, छातीत धडधडते अशी तक्रार घेऊन माणूस दवाखान्यात गेला की त्याला मीठ किती खातोस, तंबाखू खातोस का, हे विचारतात. काम चालू आहे का, हे फारसे कोणी विचारत नाही. तोही आपणहून सांगत नाही, कारण त्याला लाज वाटते. या लेखात जे सांगायचे आहे ते एवढेच, की नोकरी जाणे हा पैशाचा प्रश्न आहेच, पण तो घरातल्या प्रत्येकाच्या तब्येतीचाही प्रश्न आहे. आणि तो लपवला की जास्त बिघडतो.

टॉवरच्या जागी कारखाना होता

ठाण्यातल्या जुन्या माणसांना हे शहर कारखान्यांचे म्हणून आठवते. वागळे इस्टेट, पोखरण रोड, कोलशेत रोड या भागांत भोंग्यावर दिवस चालायचा. १९२५ साली सुरू झालेल्या रेमंडचा जेकेग्राममधला कारखाना २००९ मध्ये बंद झाला. आज त्या जमिनीवर गृहसंकुल उभे आहे. कोलशेत रोडवरच्या क्लॅरियंट या रसायन कंपनीची जमीनही बिल्डरकडे गेली आणि तिथे टॉवर आले. कल्याणजवळ मोहोने-आंबिवली इथला एनआरसी कारखाना २००९ मध्येच बंद पडला. त्याच्या कामगारांना आपल्या थकलेल्या पैशांसाठी पुढे वर्षानुवर्षे भांडावे लागले.

याच्याही आधी मुंबईच्या गिरणगावाने हे सोसले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप लांबत गेला आणि हजारो कामगार पुन्हा गिरणीत परत गेलेच नाहीत. पुढच्या काळात गिरणी चालवण्यापेक्षा गिरणीची जमीन विकणे मालकांना फायद्याचे वाटू लागले.

या विषयावरचा एक माहितीपट आपण सर्वांनी पाहावा असा आहे. आनंद पटवर्धन यांचा ‘ऑक्युपेशन : मिल वर्कर’, वर्ष १९९६. ‘जय भीम कॉम्रेड’मुळे हे नाव आपल्या वस्त्यांना परिचयाचे आहे. हा माहितीपट जेमतेम बावीस मिनिटांचा आहे. न्यू ग्रेट ईस्टर्न मिलमध्ये चार वर्षे टाळेबंदी होती. शेवटी कामगारांनीच गिरणीचा ताबा घेतला, त्याचे हे चित्रण आहे. आमचा व्यवसाय गिरणी कामगार आहे आणि आम्हाला आमचे काम हवे, एवढीच त्यांची मागणी.

दुसरा माहितीपट अंजली मोन्तेरो आणि के. पी. जयशंकर यांचा ‘साचा’, २००१ सालचा. त्यात कवी नारायण सुर्वे आहेत आणि चित्रकार सुधीर पटवर्धन आहेत. आरोग्याच्या पानासाठी सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे सुधीर पटवर्धन हे डॉक्टर. १९७५ पासून तीस वर्षे त्यांनी ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केले. दिवसा कष्टकऱ्यांच्या छातीचे, हाडांचे एक्स-रे पाहायचे आणि उरलेल्या वेळात त्याच माणसांची, त्याच शहराची चित्रे काढायची, असे त्यांचे आयुष्य. शरीर आणि काम यांचा संबंध त्यांच्याइतका जवळून क्वचितच कोणी पाहिला असेल.

‘साचा’ या शब्दापाशी थोडे थांबावे लागेल. साचा म्हणजे माग. गिरणीत साचाखात्यात, म्हणजे विणकामात, पगार जास्त असे. पण आपल्या माणसांना तिथे घेत नसत. कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याला चालत नसे. तोंडाने धागा ओढणे तब्येतीलाही वाईट. माणसांनाच बाहेर ठेवले. बाबासाहेबांनी १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात हा प्रश्न लावून धरला होता. कमी पगाराच्या खात्यात ज्याला ठेवले जाते, त्याच्या गाठीला काही उरत नाही. मग काम गेले की पहिला झटकाही त्यालाच बसतो. आज साचाखाते नाही, पण ठेकेदाराची यादी आहे. कंपनीच्या पगारपत्रकावर कोण आणि ठेकेदाराच्या यादीत कोण, हे आपल्या वस्तीत फिरून पाहिले तर लगेच कळते.

आकड्यात न मोजलेली माणसे

जुलै २०२५ मध्ये टीसीएसने जगभरातले सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून जास्त कर्मचारी कमी करणार असल्याचे जाहीर केले. या कंपनीचे मोठे ऑफिस घोडबंदर रोडवरही आहे. बातमी मोठी झाली, टीव्हीवर चर्चा झाल्या. ज्यांची नोकरी अशी जाते त्यांचे दुःख खरे आहे. घराचे हप्ते, मुलांची फी, आईवडिलांचे औषधपाणी त्यांनाही असते. आपल्यातल्या पहिल्या पिढीच्या इंजिनिअर मुलाच्या पगारावर तर गावाकडचे घरही चालत असते.

पण कोणत्याही कंपनीने कर्मचारी कमी केले की जो आकडा छापून येतो, त्यात त्या मजल्यावर झाडू मारणारी ताई नसते. चहाचे मशीन भरणारा मुलगा नसतो. कॅबचा ड्रायव्हर नसतो. ऑफिसचा एक मजला रिकामा झाला की ठेकेदार आपली माणसे कमी करतो. त्यांना नोटीस मिळत नाही, फोनवर ‘उद्यापासून येऊ नका’ एवढेच ऐकायला मिळते. साहेबाची नोकरी गेली की सोसायटीतल्या घरकामाचे एक घरही सुटते. म्हणजे वरच्या मजल्यावरची कपात तीन-चार घरे ओलांडून आपल्या वस्तीत पोहोचते.

हे फक्त आपल्याकडचे नाही. अमेरिकेत ओहायो राज्यात जनरल मोटर्सचा एक कारखाना २००८ च्या डिसेंबरमध्ये बंद झाला. पुढे एका चिनी कंपनीने तिथे काचेचा कारखाना काढला. ‘अमेरिकन फॅक्टरी’ या २०१९ च्या माहितीपटात ही गोष्ट आहे आणि त्याला ऑस्करही मिळाले. त्यातली एक कामगार बाई सांगते, की जुन्या कारखान्यात तिला तासाला एकोणतीस डॉलर मिळायचे आणि नव्या कारखान्यात तेरासुद्धा मिळत नाहीत. काम परत मिळाले, पण जुने आयुष्य परत मिळाले नाही.

नोटिशीच्या आधीच बीपी वाढते

काम गेल्यावर शरीरात काय होते, याचा अभ्यास जगात बराच झाला आहे. त्यातल्या तीन गोष्टी समजून घेऊ.

पहिली गोष्ट. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात कारखाने बंद होणार असे कळल्यावर कास्ल आणि कॉब या संशोधकांनी तिथल्या कामगारांचे रक्तदाब दोन वर्षे मोजले. १९७० साली त्यांचे निष्कर्ष छापून आले. कामगारांचे बीपी काम जाण्याच्या आधीच, नुसत्या वाट पाहण्याने वाढले होते. काम गेल्यावर ते वरच राहिले. नवीन पक्के काम मिळाल्यावर ते खाली आले. म्हणजे ‘अजून काही झाले नाही, मग कशाला काळजी’ हे म्हणणे शरीराला पटत नाही. टांगती तलवारही शरीराला लागते. दर अकरा महिन्यांनी ज्याचे कॉन्ट्रॅक्ट संपते, त्याचे शरीर कायमच वाट पाहत असते.

दुसरी गोष्ट. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाच्या गावात सगळे गाव एका कापडगिरणीवर जगत होते. १९२९-३० मध्ये ती बंद पडली. मारी याहोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन अभ्यास केला. वेळच वेळ असूनही लोकांनी वाचनालयातून पुस्तके नेणे कमी केले. पुरुष रस्त्याने हळू, थांबत थांबत चालू लागले. दिवस कसा गेला हे त्यांना सांगता येईना. बायका मात्र लगबगीने चालत, कारण घरचे काम संपलेले नव्हतेच. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीचे हे वर्णन आपल्या कोणत्याही वस्तीला लागू पडेल. कट्ट्यावर बसलेल्या माणसाला आपण आळशी म्हणतो. पुष्कळदा तो खचलेला असतो.

तिसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या, वर्षानुवर्षे एकाच कंपनीत काम केलेल्या पुरुषांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. कंपनीने कपात केल्यानंतर लगेचच्या काळात या माणसांच्या मृत्यूचे प्रमाण नेहमीपेक्षा ५० ते १०० टक्क्यांनी जास्त आढळले. पुढे ते कमी झाले, पण पूर्ण गेले नाही.

असे का होते? काळजीने झोप उडते. झोप उडाली की बीपी आणि शुगर दोन्ही वाढतात. पैसे वाचवायचे म्हणून माणूस आधी स्वतःची गोळी बंद करतो. जेवणातली डाळ, अंडी, भाजी कमी होते आणि भात, वडापाव, चहा वाढतो. तंबाखू वाढतो. काहींची दारू वाढते, मग घरात भांडण आणि मारहाण सुरू होते. फायनान्सचा हप्ता चुकला की वसुलीवाला दारात येतो आणि शेजाऱ्यांसमोर अब्रू जाते. यातले काहीच एकदम होत नाही. सहा महिन्यांत हळूहळू होते, म्हणून लक्षात येत नाही.

घरातल्या बाईकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. नवऱ्याचे काम सुटले की ती दोन घरे जास्त धरते. पहाटे उठते, सगळ्यांना वाढून उरलेले खाते, रात्री सगळ्यांच्या शेवटी झोपते. चक्कर, धाप, हातापायाला मुंग्या, अंगदुखी याकडे ती ‘कामाचा थकवा’ म्हणून दुर्लक्ष करते. पुष्कळदा हे रक्त कमी झाल्याचे लक्षण असते. हिमोग्लोबिनची तपासणी आणि लोहाच्या गोळ्या महापालिकेच्या आरोग्य केंद्रात मिळतात.

खिशातले कार्ड ओळखा

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कामाचे तास आठ करण्याचा विषय त्यांनी पुढे नेला. कामगारांच्या आजारपणाच्या विम्यासाठी प्रा. आडारकर यांचा अहवाल १९४४ मध्ये त्यांच्याच काळात आला. त्यातूनच १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा, म्हणजे आपले ईएसआय, उभे राहिले. आजारी पडलेल्या कामगाराला उपचार हा हक्क म्हणून मिळावा, हा त्यामागचा विचार आहे. सिगालोवाद सुत्तातही भगवान बुद्धांनी मालकाची कर्तव्ये सांगताना कामगाराला झेपेल तेवढेच काम देणे, योग्य वेतन देणे आणि आजारपणात त्याची काळजी घेणे सांगितले आहे.

पण आपल्यातल्या अनेकांना आपल्या पगारातून ईएसआय कापले जाते हेच माहीत नसते. म्हणून हे नीट वाचा.

महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या आणि ईएसआय लागू असलेल्या ठिकाणी काम करणाऱ्याच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. ठेकेदाराकडे असलात तरी हा हक्क आहे. ठेकेदाराने वर्गणी भरली नाही, तर जबाबदारी मूळ मालकावर येते.

काम सुटले म्हणजे ईएसआयचा दवाखाना त्याच दिवशी बंद होत नाही. एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरली असेल, तर त्याचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीचा लाभ जुलै ते डिसेंबरमध्ये मिळतो. म्हणून काम सुटल्यावर कार्ड कपाटात टाकू नका. बीपी-शुगरच्या गोळ्या, बाळंतपण, मुलांचा उपचार त्यावर होऊ शकतो.

कारखाना बंद पडून किंवा कपातीत नोकरी गेली आणि किमान दोन वर्षांची वर्गणी असेल, तर ‘राजीव गांधी श्रमिक कल्याण योजने’त बेरोजगारी भत्ता मिळू शकतो. पहिले वर्षभर सरासरी पगाराच्या निम्मा आणि दुसऱ्या वर्षी पाव. त्या काळात कुटुंबाला उपचारही मिळतात. ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजने’त ९० दिवसांपर्यंत निम्म्या पगाराइतकी मदत असते, पण ती आयुष्यात एकदाच. ही दुसरी योजना मुदतवाढ देऊन चालवली जाते, म्हणून अर्जाआधी ईएसआयच्या शाखा कार्यालयात चौकशी करा. अर्ज करायचा तर हातात कागद हवा. काढून टाकल्यावर ‘मी स्वतःहून राजीनामा देतो’ अशा कागदावर न वाचता सही केली, तर या वाटा बंद होऊ शकतात.

ईएसआय नसेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला ठरावीक ऑपरेशन आणि मोठ्या उपचारांसाठी वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण मिळते. रेशनकार्डात सुनेचे, नातवंडांचे नाव घातले आहे का, हे आजच पाहा. हॉस्पिटलच्या दारात उभे राहून ते काम होत नाही.

घरात आणि वस्तीत हे करा

१. काम गेले तर त्याच दिवशी घरात सांगा. डबा घेऊन निघायचे आणि दिवसभर बागेत बसून परत यायचे, असे करणारी माणसे आपण पाहतो. त्याने खर्च आवरायचा राहून जातो आणि मनावरचा ताण दुप्पट होतो. घरच्यांनीही ‘तूच काहीतरी केले असशील’ हे वाक्य तोंडातून काढू नये.

२. बीपी, शुगर, फिट, टीबी, थायरॉइड यांची गोळी बंद करू नका. पैसे नसतील तर महापालिकेच्या आरोग्य केंद्रात किंवा सरकारी दवाखान्यात जा. टीबीची औषधे सरकारी केंद्रात मोफत असतात. बाहेरून घ्यायची वेळ आली तर डॉक्टरांकडून औषधाचे मूळ नाव लिहून घ्या आणि जनऔषधी दुकानात विचारा.

३. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाने बीपी आणि शुगर मोजून घ्यावी. काम जाण्याची नुसती कुजबुज असेल तेव्हाही मोजावी.

४. उठण्या-झोपण्याची वेळ मोडू देऊ नका. सकाळी अर्धा तास चाला. दिवसाला एक ठरलेले काम ठेवा. मुलांचा अभ्यास घ्या, घरकामातला अर्धा भार उचला. त्याने बायकोचीही तब्येत सांभाळली जाईल.

५. खर्च कापताना तेल, साखर, बाहेरचे खाणे, तंबाखू आधी कापा. डाळ, हरभरा, शेंगदाणे, अंडी, पालेभाजी शेवटी.

६. कर्ज फेडायला दुसरे कर्ज काढू नका. मोबाईलवरच्या झटपट कर्जाच्या ॲपपासून लांब राहा. हप्ता भरणे शक्य नसेल तर आधीच जाऊन बोला.

७. पगाराच्या स्लिपा, ईएसआय नंबर, पीएफचा यूएएन नंबर, ओळखपत्राचा फोटो आजच मोबाईलमध्ये आणि घरच्या दुसऱ्या माणसाकडे ठेवा.

८. छातीत दाब, डाव्या हातात कळ, घाम, एकाएकी अर्धे अंग जड पडणे किंवा बोबडी वळणे, यांत ‘गॅस झाला असेल’ म्हणून थांबू नका. १०८ ला फोन करा.

९. माणूस बोलायचा थांबला, जेवणावरून उठू लागला, ‘माझ्यानंतर तुम्ही बघा’ असे बोलू लागला, तर त्याला एकटे सोडू नका. सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे विचारल्याने कोणी तसे करायला प्रवृत्त होत नाही. उलट त्याचे ओझे हलके होते. टेलिमानसचा नंबर १४४१६ आहे. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येते. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथे जाणे म्हणजे वेडे ठरणे नव्हे.

एकट्याने सोसू नका

मिळकतीचे चार भाग करून एक खर्चाला, दोन कामधंद्याला आणि चौथा अडीअडचणीसाठी ठेवावा, असेही सिगालोवाद सुत्तात सांगितले आहे. ठेकेदाराच्या पगारात चौथा भाग ठेवणे किती जणांना जमेल, हे आपण जाणतो. म्हणून एका घराला जे जमत नाही ते दहा-वीस घरांनी मिळून करायला हवे. महिला मंडळाचा बचत गट असेल तर त्यात औषधपाण्यासाठी वेगळी रक्कम काढून ठेवता येते. काम सुटलेल्या घरातल्या मुलांच्या वह्या-पुस्तकांची जबाबदारी वस्ती घेऊ शकते. कोणाच्या कंपनीत माणूस हवा आहे, ही बातमी विहारातल्या फळ्यावर लिहिता येते.

गिरणी कामगारांच्या माहितीपटात गेटवर माणसे एकत्र उभी आहेत. त्यांचे पगार बंद होते, पण आपल्यासारखाच शेजारी उभा आहे हे त्यांना दिसत होते. आज हाऊसकीपिंगच्या ताईला किंवा ऑफिसातल्या मुलाला काढतात तेव्हा ते एकटे घरी येतात, कारण तिथे कोणाचे गेट नाही आणि कोणाची युनियन नाही. ती जागा आता वस्तीने भरून काढायची आहे. विहारात रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास काढून ‘ऑक्युपेशन : मिल वर्कर’ दाखवा. त्यानंतर बीपी मोजायचे मशीन टेबलावर ठेवा आणि आलेल्या प्रत्येकाचे बीपी मोजा. मोजताना त्याला एवढेच विचारा, ‘काम कसे चालले आहे?’